घरात केमो आणि पदरात लहान मुलं: अनुभवाच्या, कामाच्या गोष्टी लिहा

सांजवेळ

सोसायटीच्या ग्रुपवर काल एकीने विचारलं, "रविवारी पोलिओ आहे, जाऊबाईंची केमो चालू आहे, बाळाला डोस पाजायचा ना?" खाली धडाधड 'हो हो, चुकवू नका' आले. वॉर्डातली नोकरी सोडून जमाना झाला, पण दर पोलिओ रविवारच्या आधी हाच प्रश्न यायचा ते आठवलं. म्हणून धागा.

आधी उत्तर. पोलिओच्या थेंबांत दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो आणि बाळाच्या शीतून तो पुढे काही आठवडे बाहेर पडत राहतो. केमोने पांढऱ्या पेशी उतरलेलं माणूस घरात असेल तर बाळाला थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यायचं असतं. लस टाळायची नाही, प्रकार बदलायचा. दारात आलेल्या आशाताईंना तसं सांगा, त्यांना कळतं. थेंब आधीच पाजले असतील तर बाळाला मामाकडे धाडायची गरज नाही. महिना-दीड महिना बाळाची शी पेशंटने धुवायची नाही, दुसऱ्याने धुवायची आणि मग साबणाने हात. कॅन्सरच्या डॉक्टरांच्या कानावर घालायचं. रोटाव्हायरसचे थेंब मात्र बाळाला द्यायचेच, शीची काळजी तीच.

गोवर-रुबेलाची लस भावंडांना बिनधास्त द्या. कांजिण्यांचीही द्या, फक्त लशीनंतर पुरळ उठलं तर खपल्या धरेपर्यंत पेशंटपासून लांब. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी घरातल्या सगळ्यांना.

केसपेपरवर पेशंटचं वय असतं, वजन असतं. घरी दोन वर्षांचं पोर आहे हे कुठल्याच रकान्यात नसतं. ते आपण तोंडाने सांगायचं, दर वेळी, नवीन डॉक्टर दिसला की पुन्हा. निम्म्या सूचना त्याने बदलतात.

रडायचा धागा वेगळा आहे, तिथेही मी असतेच. इथे फक्त काय करायचं, किती, कधी आणि कुठे बिघडतं ते लिहा.

खारेदाणे

वाचनखूण साठवली. तापाचं लिहा कुणीतरी, सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच.

डेकेअर_सिस्टर

लिहिते. ड्यूटीवरून टायपतेय, चुका पोटात घाला.

१००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस. केमो चालू असताना तेवढा ताप म्हणजे सरळ हॉस्पिटल. रात्रीचे अडीच असोत, दिवाळी असो. केमोनंतर साधारण ७ ते १४ व्या दिवसांत काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) सगळ्यात खाली असतो, तेव्हा तर एक तासही काढायचा नाही. लोक काय करतात? आधी क्रोसिन घेतात, ताप उतरतो, 'बरं वाटलं' म्हणून झोपतात. ताप झाकला जातो, इन्फेक्शन आत वाढत राहतं. आधी मोजा, मग फोन करा, मग ते सांगतील ती गोळी.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य: "केमो चालू आहे आणि ताप आहे." पेपर काढायच्या रांगेत उभं राहून तिसऱ्या मिनिटाला नाही, पहिल्यांदा. शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं.

पिशवी भरलेली ठेवा: फाईल, शेवटच्या डोसचा कागद, रक्ततपासणीचा (सीबीसी) ताजा रिपोर्ट, गोळ्यांची यादी, चार्जर, एक शाल. आणि मुलांची सोय आधी ठरलेली हवी. रात्री कोण येऊन झोपणार, त्याच्याकडे किल्ली आहे का, दूध कुठल्या टपरीवर मिळतं, मूल कुठल्या पांघरुणाशिवाय झोपत नाही. हे कागदावर लिहून फ्रिजला लावा. त्या वेळी फोनवर समजावत बसायला कुणाला सुचत नाही. पेशंट दोन-दोन तास मुलांपायी घरातून निघत नाहीत, हे सगळ्यात जास्त बघते.

खारेदाणे

आणि थर्मामीटर दोन घ्या. एक खरा, एक पोरांना डॉक्टर-डॉक्टर खेळायला. नाहीतर नेमक्या वेळी टेडीच्या काखेत सापडतो.

डेकेअर_सिस्टर

😄 हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नाही पण छापायला हवं. काचेचा पाऱ्याचा मात्र नको. लहान मुलं असलेल्या घरात तसाही नको.

पाचपेर

फिजिओथेरपीला येणाऱ्या पेशंट आया हमखास विचारतात ते: मुलाला उचलायचं कधी?

स्तनाच्या ऑपरेशननंतर साधारण ४ ते ६ आठवडे २-३ किलोच्या वर काही नाही. वर्षाचं पोर ९-१० किलोचं असतं म्हणजे हिशेब झालाच. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर ६ ते ८ आठवडे. दंडातली पिक लाइन (शिरेत घातलेली केमोची नळी) असेल तर ती काढेपर्यंत त्या हाताने जड काही नाही. केमोपोर्टची (छातीवर कातडीखाली बसवलेली केमोची डबी) जखम भरली की उचलता येतं, पण मूल दुसऱ्या बाजूला घ्या. खांद्यावर डोकं आपटलं की पोर्टवर नेमकं बसतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

उचलायचं नाही म्हणजे जवळ घ्यायचं नाही असं नाही! आई पलंगावर बसलेली, शेजारी पायरीला पाट किंवा मोडा ठेवला, मूल आपणहून चढून येतं. आंघोळ दुसऱ्याने घालायची, पुसायचं-पावडर आईने. पाळणा, उंच कठड्याची क्रिब यातून काढणं सगळ्यात वाईट, कारण तिथे हात लांब ठेवून वाकून वजन येतं. गादी खाली घाला.

छातीशी ड्रेनची (जखमेतलं पाणी बाहेर काढायची) नळी असते तेव्हा बाटली ओढणीखाली लटकवू नका, रांगतं मूल ती धरून उभं राहतं. शिवलेल्या छोट्या पिशवीत घालून कुडत्याच्या आत कमरेला.

आणि भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला असेल ना, त्याला मुलांना कामाला लावा. खडूने रोजची खूण त्यांनी करायची. आयांचा व्यायाम दोन दिवसांत सुटतो, पण पोरगं खडू घेऊन उभं राहिलं की सुटत नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला बीपी, सुई नको, आणि मुलाची नखं कापलेली ठेवा. ओरखडा गेला तर साबणाने धुऊन लक्ष ठेवायचं. लाल झालं, गरम लागलं तर लगेच दाखवायचं.

मोगरा_७

पाचपेर, मोडा कुठे मिळतो हल्ली? सिरियसली विचारतेय.

पाचपेर

पुण्यात बुरूड आळीत मिळतो की. प्लॅस्टिकचं बाथरूम स्टूलही चालतं, फक्त खाली रबर हवं.

गोळीबंद

औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागून दोन शब्द.

तोंडाने घ्यायच्या केमोच्या गोळ्या घरातल्या बाकी औषधांच्या डब्यात ठेवू नका. कुलपाचा वेगळा डबा, वरच्या फळीवर. मूळ पाकिटातच राहू द्या, आठवड्याच्या रंगीत कप्प्यांच्या डबीत काढू नका. मुलांना ती गोळ्यांची डबी वाटतच नाही. गोळी तोडायची नाही, मिक्सरला लावायची नाही, कॅप्सूल उघडायची नाही. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. दुसऱ्याने काढून दिली तर हातमोजा घालून किंवा झाकणात ओतून. मुलाने गिळलीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. पाकीट हातात घ्या आणि हॉस्पिटल गाठा.

केमोनंतर साधारण ४८ तास लघवी, शी, उलटी यांतून औषध जातं. कमोड असेल तर झाकण लावून दोनदा फ्लश. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर बादलीभर पाणी जवळून, सावकाश, शिंतोडे न उडवता. उलटीची बादली वेगळी, पोरांच्या आंघोळीची नव्हे. भरलेले कपडे हातमोजे घालून, वेगळे धुवायचे. मिठी, पापी, मांडीवर डोकं, एका ताटात जेवण यांनी मुलाला काही होत नाही. हे वाक्य आजीला दोनदा वाचून दाखवा.

लाल रंगाचं सलाईन म्हणजे डॉक्सोरुबिसिन दिलं की एक-दोन दिवस लघवी लाल-केशरी होते. रक्त नसतं. बाथरूममध्ये मागे मागे येणाऱ्या मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर शाळेत 'आईला रक्त येतंय' अशी बातमी.

काउंट वाढवायचं इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. फ्रीझरमध्ये नाही, बर्फाला चिकटवून नाही. गोठलं की गेलं. फ्रिजच्या दारात ठेवू नका, तिथे पोरांचा हात पोचतो आणि दार उघडून उघडून गरमही होतं. मधल्या फळीवर मागे, स्टीलच्या डब्यात.

निवांत_काका

आमच्याकडे एक समज असा की 'शेक' घेऊन आलेल्या माणसाजवळ मुलं जाऊ द्यायची नाहीत. खरं काय?

दगडफूल

काका, शेक म्हणजे रेडिएशन. त्याचे आणि स्कॅनचे वेगवेगळे प्रकार लोक एकत्र करतात, म्हणून हा घोळ.

मशीनखाली झोपवून देतात ती रेडिएशन बाहेरून येते. मशीन बंद, किरण बंद. अंगात काही उरत नाही, घरी येऊन बाळाला कुशीत घ्या. फक्त शेकलेल्या जागेची कातडी हुळहुळी असते, तिथे पोराचे पाय लागू देऊ नका. आतून देतात ती ब्रॅकीथेरपी, त्यात बहुतेक ठिकाणी स्रोत काही मिनिटं आत ठेवून काढून घेतात. तिथेही घरी नेण्यासारखं काही नाही.

पेट स्कॅन वेगळा. सुईतून किरणोत्सारी साखर देतात, तिचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. म्हणून त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बायका लांब. पाणी भरपूर, लघवी वारंवार. मुलाला बरोबर घेऊन स्कॅनला जाऊ नका, तिथे थांबायच्या खोलीत इतर पेशंटही इंजेक्शन घेतलेलेच असतात. बोन स्कॅनला दुसऱ्या दिवसापर्यंत धरा. साध्या सीटीत किरणं अंगात राहत नाहीत.

थायरॉइडच्या कॅन्सरला देतात ते किरणोत्सारी आयोडीन मात्र खरंखुरं अंगात राहतं, ८ दिवसांनी निम्मं होतं. डोस मोठा असेल तर हॉस्पिटलातच वेगळ्या खोलीत ठेवतात. घरी आल्यावर किती दिवस वेगळं झोपायचं, मुलाला किती वेळ आणि किती अंतरावरून भेटायचं हे डोसवर ठरतं. ते डिस्चार्जच्या कागदावर मुलांची वयं सांगून लिहूनच घ्या. अंगावर पाजणाऱ्या आईने डोसच्या किमान ६ आठवडे आधी पाजणं बंद केलेलं हवं, आणि त्या बाळाला पुन्हा पाजायचं नाही. ही तयारी ऐन तारखेला होत नाही.

निवांत_काका

समजलं. धन्यवाद. आमच्या सौ.ला वाचून दाखवतो, ती मानेल की नाही हा वेगळा विषय.

ओली_चटणी

केमोनंतर पहिले दोन दिवस घरात सगळ्यांवर खेकसणारी आई बघितली असेल तर डेक्साला दोष द्या, आईला नको. उलटी आणि रिअ‍ॅक्शन होऊ नये म्हणून हे स्टेरॉइड (डेक्सामेथासोन) देतात. त्याने झोप उडते, भूक खवळते, चिडचिड होते, आणि बंद झालं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस एकदम गळून पडतो. गोळी सकाळी नाश्त्यावर घ्या. दुसरा डोस असेल तर दुपारी दोनच्या आत चालेल का हे विचारून घ्या. रात्री घेतली की छताकडे बघत बसा. शुगरवाल्यांची साखर चढते, मोजत राहा.

मुलांना सांगायचं: हे औषध आईला चिडकं करतं, दोन दिवसांत उतरतं, तुझ्यामुळे नाही. आणि गृहपाठ, नखं कापणं, केस धुणं असले युद्धाचे विषय त्या दोन दिवसांत बाबाकडे.

तिसरा_मजला

मुलांना सांगण्याबद्दल. समुपदेशनाच्या बाजूने लिहितो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

'कॅन्सर' हा शब्द मुलांसमोर वापरा. 'बाऊ झालाय' म्हटलं की पुढच्या वेळी मुलाचा गुडघा फुटला तरी त्याला वाटतं आपलेही केस जाणार. तीन ते सहाच्या मुलांना जग आपल्यामुळे चालतं असं वाटत असतं. आईला 'जा, तू मला नको' म्हटलं आणि ती आजारी पडली, असा सरळ संबंध ती लावतात आणि कुणाला बोलत नाहीत. म्हणून तीन वाक्यं, न विचारता: तू त्रास दिलास म्हणून झालेलं नाही. हात लावला म्हणून तुला होणार नाही. तुला शाळेतून आणायला आत्या येईल, डबा बाबा भरेल, झोपताना मी फोन करेन. तिसरं वाक्य मोठ्यांना किरकोळ वाटतं, मुलं तेच कान देऊन ऐकतात. त्यात नाव हवं. 'कुणीतरी येईल' चालत नाही.

वेळ: झोपायच्या आधी नाही, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही. शनिवारी सकाळी, खेळताना, पाच मिनिटं. पुन्हा पुढच्या आठवड्यात. एकदाच बसवून भाषण दिलं की मुलं 'आता खेळायला जाऊ?' म्हणतात. त्याचा अर्थ कळलं नाही असा होत नाही, पुरे झालं असा होतो.

'बरी होणारच' असं वचन देऊ नका. "डॉक्टर उपचार करतायत, काही बदललं तर तुला मी स्वतः सांगेन" हे पाळता येतं. ऑपरेशनला 'झोपवणार' आणि मरण्यालाही 'झोपली' असं एकाच घरात म्हटलं जातं, मग मूल झोपायला घाबरतं. 'देवबाप्पा चांगल्या माणसांना नेतो' हे नातेवाईकांचं आवडतं वाक्य. मूल लगेच वाईट वागायला लागतं, तर्कात काही चूक नाही त्याच्या.

सात-आठच्या पुढच्यांना कॅलेंडर द्या. केमोचा दिवस लाल, थकव्याचे दिवस पिवळे, बरे दिवस हिरवे, रंगवायचं त्यांनी. हिरव्या दिवसांत बाहेर जायचं आधी ठरवून टाका. पुढे ढकललेला डोस खोडून नवीन रंगवा, नाहीतर कॅलेंडरवरचा विश्वास उडतो.

गादी ओली होणं, चिकटून बसणं, बाळासारखं बोलणं काही आठवडे चालतं. शाळेला जायचंच नाही, खाणं-झोप बिघडलेली राहिली, 'मीही मरेन' असं पुन्हा पुन्हा आलं, तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा. तिथून वाट मिळते आणि बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत.

मोगरा_७

'तर्कात काही चूक नाही' 😀😢

वर्गशिक्षिका

शाळेला सांगा हो! मुख्याध्यापकांना नको वाटलं तर निदान वर्गशिक्षकांना. एक अर्धं पान पुरतं: उपचार कधीपर्यंत, मुलाला काय माहीत आहे आणि कुठला शब्द वापरला आहे, न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं. आम्हाला माहीत नसतं म्हणून 'माझी आई' निबंध देतो.

आणि वर्गात कांजिण्या, गोवर, गालफुगी, हात-पाय-तोंडाचा पुरळ, फ्लू निघाला की त्याच दिवशी फोन करा अशी लेखी विनंती करा. कांजिण्या पुरळ दिसायच्या दोन दिवस आधीपासूनच पसरतात, त्यामुळे 'दिसल्यावर बघू' म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

डेकेअर_सिस्टर

+१. कांजिण्यांच्या मुलाशी संपर्क आला असं कळलं तर पेशंटला पुरळ उठायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. प्रतिबंधाची औषधं असतात पण लवकर द्यावी लागतात.

खारेदाणे

अवांतर: शाळांनी ते निबंधाचे विषय एकदा बदलावेत. 'माझी आई', 'माझे बाबा', 'मी पाहिलेला अपघात'. काय चाललंय?

वर्गशिक्षिका

'पावसाळ्यातील एक दिवस' राहिला 😄 वरून यादी येते हो, आम्ही काय करणार.

सह्याद्रीची_सून

पैशाचं. तालुक्याच्या गावांत विचारलं जातं म्हणून लिहिते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, उपचार सुरू व्हायच्या आधी त्याला गाठायचं. आधी खिशातून भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. अडतं कुठे? रेशनकार्डात. तरुण आयांचं नाव लग्नानंतर सासरच्या कार्डावर चढवलेलंच नसतं, माहेरच्या कार्डावरून कमी केलेलंही नसतं. आधारवर एक आडनाव, कार्डावर दुसरं. हातात बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्याच दिवशी एकाने तहसीलच्या पुरवठा शाखेत जायचं.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचाराला जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट, बरोबरच्या एकाला त्याच वर्गात ७५ टक्के. हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तिकीट काउंटरवर. ५ वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये कॅन्सर पेशंटला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, दाखला जवळ ठेवा. केमोनंतर साध्या डब्यात पोराला घेऊन लोंबकळू नका.

पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर कॅन्सरसाठी लांबवलेला आजारपणाचा लाभ आहे, पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. नोकरी आणि वर्गणीच्या अटी आहेत, पण लोक विचारतच नाहीत. राजीनामा देऊन मोकळे होतात. राजीनामा शेवटी!

परळचा_पत्ता

मुंबईबाहेरून परळला टाटाला येणाऱ्यांसाठी. मुलांना बरोबर आणायचं का, हा पहिला वाद. धर्मशाळांत पेशंटबरोबर एक-दोन माणसांपुरतीच जागा असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दोन्हीकडे रांग असते, हॉस्पिटलचं पत्र लागतं. पहिल्या खेपेला, तपासण्यांच्या वेळी, मुलं गावीच बरी. दिवसाचे आठ-आठ तास बाकावर जातात आणि त्या गर्दीत पोराला सर्दी मिळणारच. पुढे प्लॅन ठरला की विचारा: हीच केमो घराजवळ देता येईल का? नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली बरीच हॉस्पिटलं आहेत, प्लॅन इथला आणि सुई तिकडची असं पुष्कळांचं जमतं. घरी लहान मूल आहे हे इथे जोरात सांगायचं.

व्हिडिओ कॉलची वेळ बांधून घ्या. सलाईन लागलेलं असताना नको, मुलाला हातातली सुईच दिसते. संध्याकाळी जेवणाआधी, दहा मिनिटं, फोन मुलाने ठेवायचा.

लीड्सकर

इकडे यूकेत असाल तर: इंग्लंडमध्ये कॅन्सर पेशंटला प्रिस्क्रिप्शन फुकट, पण सूट-प्रमाणपत्राचा फॉर्म जीपीकडून (आपल्या फॅमिली डॉक्टरकडून) भरून घ्यावा लागतो, आपोआप होत नाही. मॅकमिलन या कॅन्सरच्या सेवाभावी संस्थेची फोनलाइन दुभाषा देते. तशाच मॅगीज संस्थेच्या सेंटरांत अपॉइंटमेंटशिवाय जाता येतं, मुलांना नेता येतं. आपली माणसं 'चॅरिटी' शब्द ऐकून जात नाहीत, जा. अमेरिकेतल्यांसाठी कँप केसेम, आई-वडिलांना कॅन्सर असलेल्या मुलांचं उन्हाळी शिबिर, पैसे घेत नाहीत.

वैनगंगा

ऑक्सॅलिप्लॅटिनवाल्यांनी फ्रिज उघडायचा नाही, हे कुणी लिहिलं नाही. आतड्याच्या कॅन्सरला बरेचदा देतात. प्रत्येक डोसनंतर काही दिवस गार वस्तू बोटांना विजेसारखी झोंबते, गार पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा होतो. सकाळी मुलांचं दूध काढायला फ्रिजपाशी जायचं तर हातमोजे. पोरांबरोबर आइस्क्रीम नाही, बर्फाचा गोळा तर नाहीच.

पॅक्लिटॅक्सेलने बोटं बधिर होतात, ती वेगळी. शर्टाची बटणं, बुटाची लेस, डब्याचं घट्ट झाकण, तीन गोष्टी सकाळी अडवतात. वेलक्रोचे बूट घ्या, क्लिपचा डबा घ्या. गरम तव्याचा अंदाज येत नाही, म्हणून मुलाच्या आंघोळीचं पाणी बोटांनी बघू नका, कोपराने बघा. गुंड्या लागत नाहीत हे डॉक्टरांना सांगा, 'चालतंय' म्हणू नका. डोस बदलता येतो, उशीर केला तर बधिरपणा रेंगाळतो.

मोगरा_७

केसांचं? पोरगी पाच वर्षांची आहे, आईच्या वेणीशी खेळल्याशिवाय झोपत नाही. बहिणीसाठी विचारतेय.

सांजवेळ

मोगरा, औषध कुठलं त्यावर आहे. जात असतील तर पहिल्या केमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत, एकदम पुंजके. त्याआधीच, दुसऱ्या आठवड्यात, खांद्यापर्यंत आणि मग बारीक करून टाका. पहिली कात्री मुलीच्या हातात, गोल टोकाची. वस्तरा नको, मशीन फिरवा, चिरलं तर इन्फेक्शन. कापायच्या आधीच वेणी घालून, दोन्ही टोकांना रबर लावून ती वेणी कापून ठेवा. भाचीला झोपताना हातात धरायला होईल. भुवया-पापण्याही जातात, हे आधी सांगा, मुलं टकलापेक्षा त्यालाच दचकतात. उपचार संपले की एक ते तीन महिन्यांत लव यायला लागते. सुती रुमाल बांधा, नायलॉनचा घसरतो.

मोगरा_७

वेणीचं सांगते तिला आजच. 🙏

कागदपत्र

कुणी काढत नाही तो विषय काढतो, माफ करा.

आईचा मोबाईल नंबर कशाकशाला जोडलाय त्याची यादी करा. मुलांचं आधार, शाळेचं अ‍ॅप, गॅस, बँक. ओटीपी तिथे येतो. ती आयसीयूत आणि सिम रिचार्ज नाही म्हणून बंद, असं होतं. रिचार्ज दुसऱ्याच्या फोनवरून लावून ठेवा.

विम्यात वारस म्हणून अज्ञान मुलाचं नाव असेल तर पैसे घ्यायला सज्ञान माणसाचं, अपॉइंटीचं नाव लागतं. तो रकाना रिकामा असतो, आजच बघा. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार हवेत. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. उपचार चालू असताना करत असाल तर डॉक्टरांचा 'शुद्धीवर, समजून सही केली' असा दाखला त्याच तारखेचा जोडा. दुसरा पालक नसेल तर मुलांचा पालक कोण हे त्यात नावानिशी लिहा, आणि त्या माणसाला आधी विचारा. लिहिलं की अमंगळ घडतं असं वाटणाऱ्यांनी घरातल्या निरोगी माणसालाही त्याच दिवशी करायला लावावं, म्हणजे तिला एकटीला वेगळं काढल्यासारखं होत नाही.

निवांत_काका

हे शेवटचं फार पटलं. आम्ही दोघंही करतो.

गोळीबंद

काढ्यांचं राहिलं. गुळवेल, लक्ष्मणफळ, गव्हांकुर, कुणाच्या तरी गुरुजींची पुडी. केमो चालू असताना यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता नको. गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडल्याच्या केसेस २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी छापल्यात. लिव्हर बिघडलं की डोस पुढे जातो. पाहुणे पुडी देतात तेव्हा 'ठेवते हं' म्हणून ठेवा, वाद घालू नका, ताकद नसते.

मोगरा_७

पाहुण्यांना किलोभर सफरचंदांऐवजी दोन दिवसांचा मुलांचा डबा आणायला सांगा ही सूचना कुणी करेल का त्यांना?

खारेदाणे

अनुमोदन! आणि जाताना एक पोरगं बागेत घेऊन जावं.

ओली_चटणी

आनुवंशिक आहे का, मुलींना तपासू का, हे सारखं येतं म्हणून थोडक्यात. बहुतेक कॅन्सर वारशाने आलेले नसतात, साधारण ५ ते १० टक्के असतात. बीआरसीएसारखी (जनुकातला दोष बघायची) तपासणी आधी पेशंटची करतात, तिच्यात दोष सापडला तरच पुढे. आणि मुलांची १८ वर्षांची झाल्यावर, त्यांच्या मर्जीने. अपवाद आहेत, आईला किंवा वडिलांना लहानपणी डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा झाला असेल तर बाळाचे डोळे जन्मल्यापासूनच तपासावे लागतात.

सह्याद्रीची_सून

तोंड आल्यावर काय खायला देता? घरात पोरांना तिखट आणि तिला अळणी असे दोन स्वयंपाक कोण करणार?

ओली_चटणी

दोन नका करू. मुगाची खिचडी आसट शिजवा, तिची वाटी आधी काढा, वरून तूप, मग बाकीच्यांच्या भातावर फोडणी आणि लसूण चटणी. कोमट द्या, गरम झोंबतं. पेज, साबुदाण्याची लापशी, उकडलेलं अंडं पूर्ण शिजवून, केळं. मुलांच्या डब्यातली कच्ची कोशिंबीर, बाहेरची कापलेली फळं, पाणीपुरी तिला नाही. चुळा भरायला ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ, दर तीन-चार तासांनी आणि जेवल्यावर. पाणी रोज ताजं. दारू असलेला माउथवॉश नको.

सह्याद्रीची_सून

सोडा म्हणजे धुण्याचा नव्हे ना? आमच्याकडे दोन्ही बरण्या सारख्याच दिसतात.

ओली_चटणी

नाही नाही! ढोकळ्याचा. बरणीवर नाव चिकटव आत्ता.